घरी बांधलेल्या गिटार अँपचा बायस: या चुका टाळा

बायस म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचं (आतल्या जाळीवरचं) उणे व्होल्टेज; काही वाजत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट जायचा ते त्यावर ठरतं. गेल्या गणपतीत रात्री अकराला निपाणीकडच्या एका पोराचा फोन आला. स्वतः बांधलेला अँप, आउटपुटला दोन ईएल३४ व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या), आणि दोन्हींच्या प्लेटा, म्हणजे आतले धातूचे पत्रे, निखाऱ्यासारख्या लाल.

"मामा, बायस बरोबरच लावलो होतो की! बेचाळीस मिलिअँपियर."

"कधी लावलास?"

"दुपारी."

मग पुढचं विचारायची गरजच उरली नाही. दुपारी उसाचे पंप चालू असताना त्याच्या घरात लाईन २१० व्होल्ट. रात्री पंप बंद झाले की तीच २४८. दुपारी प्लेटवर ४०० व्होल्ट होते, म्हणजे एका व्हॉल्व्हला १६.८ वॅट, एकदम झकास. रात्री तेच ४७२ व्होल्ट आणि ५४ मिलिअँपियर झाले. गुणाकार करा, साडेपंचवीस वॅट. ईएल३४च्या प्लेटची मर्यादा पंचवीस वॅटचीच. बायसही त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतो, लाईन वाढली की तोही वाढणार, मग काळजी कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. वाढतो खरा, पण पुरा पडत नाही.

म्हणून दुसऱ्याचा मिलिअँपियरचा आकडा उतरवून घेऊ नका. फिक्स्ड बायसच्या (वेगळ्या उणे पुरवठ्यावरून बायस घेणाऱ्या) पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनं काम करणाऱ्या) अँपला प्लेटच्या मर्यादेच्या सत्तर टक्के धरतात: ईएल३४ला १७.५ वॅट, ६एल६जीसी या दुसऱ्या व्हॉल्व्हला २१. त्याला आपल्याच प्लेट व्होल्टेजनं भागायचं. ४४० व्होल्ट असतील तर साधारण ४० मिलिअँपियर. आमच्यासारख्या लाईनवर मी त्याहून कमीच ठेवतो, आणि मोजतो रात्री. आवाजात काडीचाही फरक पडत नाही, कोण काही म्हणो.

मोजायला प्रत्येक व्हॉल्व्हचा कॅथोड (जिथून करंट निघतो ते टोक) आणि ग्राउंडमध्ये एक ओहमचा रेझिस्टर घाला. एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपियर. त्यात स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही येतो, म्हणून प्लेटचा खरा आकडा थोडा कमीच असतो. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरची बॅटरी उतरली की तो आकडा फुगवून दाखवतो. एकानं त्यापायी अख्खी संध्याकाळ पॉट (बायस कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर) फिरवण्यात घालवली होती. तो एक म्हणजे मीच.

नवीन बांधणीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक बायसच्या फिल्टर कपॅसिटरची. इथला पुरवठा उणे असतो, त्यामुळं कपॅसिटरचं अधिक टोक ग्राउंडला जातं. सवयीनं उलटा लावला की थोड्याच वेळात फट्! म्हणून आउटपुट व्हॉल्व्ह बसवायच्या आधी सॉकेटच्या पाच नंबरच्या, म्हणजे ग्रिडच्या पिनवर उणे व्होल्टेज येतंय का बघा, आणि पॉट सर्वात जास्त उणे बाजूला नेऊन ठेवा. ६एल६च्या सॉकेटात ईएल३४ बसवणार असाल तर एक आणि आठ नंबरच्या पिना जोडल्याशिवाय पुढं जाऊ नका.

स्पीकर न जोडता अँप चालवायचा नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसून असतात. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी काढू नका. दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर क्लिपनं लावून काही सेकंद धरा, मग मीटरनं खात्री करा. अँप चालू असताना मोजायचं तर डावा हात खिशात.

दोनपैकी एकच व्हॉल्व्ह लाल होत असेल तर लगेच नवीन जोडी मागवायला धावू नका. आमच्याकडं ती पार्सलनं येते, स्वस्त नाही. व्हॉल्व्हची अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह गेला. त्याच सॉकेटात राहिली तर दोन्ही आउटपुट व्हॉल्व्ह काढून, बाकीचे तसेच ठेवून, दोन्ही सॉकेटांच्या पाच नंबरच्या पिनांवर मोजा. एकीकडं उणे व्होल्टेज कमी दिसलं तर तिथला कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल ग्रिडवर आणणारा) गळतोय. खानापूरच्या एका अँपात मात्र कपॅसिटर नवाकोरा होता. पावसाळ्यात ओल धरून सॉकेटच्याच दोन पिनांमध्ये काळी रेघ उमटली होती, नखानं खरवडल्यावर दिसली.