परसातल्या कोंबड्या: पावसाळ्यात मलूल कोंबडी दिसली की काय करावं

श्रावण-भाद्रपदात खुराडं दिवसभर ओलं राहतं. कोंबड्या चिखलात चरतात आणि त्याच पायांनी पाण्याच्या भांड्यात उभ्या राहतात. अशा दिवसांत दहा-पंधरा कोंबड्यांमधली एखादी तरी मलूल होतेच. सकाळी दाणे टाकताना ते ध्यानात येत नाही, कारण आजारी कोंबडीसुद्धा बाकीच्यांबरोबर धावत येते, दोन दाणे टिपल्यासारखं करते आणि हळूच मागे सरते. म्हणून पाहणी संध्याकाळी करावी, सगळ्या आत शिरल्यावर.

संशय येईल ती कोंबडी हातात घ्या. मानेच्या बुडाशी, जरा उजवीकडे, खाद्याची पिशवी हाताला लागते. दिवसभर चरून आलेल्या कोंबडीची ही पिशवी संध्याकाळी भरलेली हवी. रिकामी लागली तर तिने आज काही खाल्लेलं नाही. भरलेली पिशवी सकाळीही तशीच टणक राहिली तर आत गवत किंवा दोरा अडकलाय. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. हाड धारदार लागलं तर ती बरेच दिवस खंगते आहे, आणि अशा वेळी बहुधा जंत असतात. तुरा फिकट दिसला तर पंखाखालची आणि शेपटीखालची पिसं उलटी करून उवा पाहा. तुरा निळसर-काळा पडला असेल आणि चोच उघडी टाकून धाप लागली असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्याला कळवा.

रोग कोणताही असो, मलूल कोंबडी त्याच संध्याकाळी वेगळी करा. डालग्याखाली, कोरड्या जागी, वारा लागणार नाही अशी. पाण्याचं आणि दाण्याचं भांडं तिला वेगळं द्या. आधी निरोगी कोंबड्यांचं दाणापाणी करायचं आणि शेवटी आजारीकडे जायचं, उलट नाही. नंतर साबणाने हात-पाय धुवा. हगवण असेल तर पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ टाका, खायला भिजवलेल्या कण्या द्या. औषध ठरेपर्यंत एवढं पुरे. मेडिकलमधून माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल आणून पाण्यात फोडायची सवय मात्र मोडायला हवी. विषाणूच्या रोगात तिचा उपयोग शून्य, शिवाय औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

पावसाळ्यात पिल्लं सर्वात जास्त दगावतात ती रक्ती हगवणीने. साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना हा रोग गाठतो. पंख पाडून, डोळे मिटून ती कोपऱ्यात गोळा होतात आणि शीट तांबडी किंवा चॉकलेटी पडते. रोगाचे जंतू शिटेतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-एक दिवसांत ते दुसऱ्या पिल्लाला लागण करण्याजोगे होतात. म्हणजे खरी लढाई ओलीशी आहे. खाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा, रोज खालीवर करा, ओला झालेला भाग काढून टाका. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे सांडलवण कमी होते. औषध म्हणून ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात. पुडीवरचं प्रमाण आणि दिवस पाळा, आणि त्या काळात पाण्यात दुसरं बी-जीवनसत्त्वाचं टॉनिक घालू नका. हे औषध बी-१ जीवनसत्त्व अडवूनच जंतूंना मारतं, टॉनिक दिलं की त्याचा जोर कमी होतो.

डासांमुळे याच हवेत देवीही येतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट खपल्या धरतात. बहुतेक कोंबड्या काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. डोळे चिकटले असतील तर कोमट मीठपाण्याने पुसा आणि दाणे चोचीपर्यंत न्या, कारण दिसत नाही म्हणून उपाशी राहूनच त्या जास्त मरतात. खपल्या ओरबाडू नका.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, गोष्ट निराळी. हिरवट-पांढरी हगवण, धाप, मान वाकडी होणं, आणि दोन-चार दिवसांत अर्धं खुराडं रिकामं. यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, चार आठवड्यांच्या सुमारास पुन्हा एकदा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस पंखाखाली कातडीत अर्धा मिली. ही लस त्याहून लहान पिल्लांना टोचू नका, झेपत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांची अंडी ती टोचल्यावर काही दिवस घटतात, घाबरू नये. लस टोचण्याच्या एक आठवडा आधी जंतांचं औषध द्यावं. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

अडचण अशी की एका बाटलीत शंभर-दोनशे कोंबड्यांपुरती लस असते, घरात बारा. बाटली कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून एकटा माणूस ती आणतच नाही. माझ्या मते ही लस घराने नव्हे, आळीने द्यावी. बचत गटाच्या बैठकीत दिवस ठरवा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये आणा आणि सांजेला कोंबड्या खुराड्यात आल्यावर घरोघर फिरा. शेजारच्या कोंबड्या लसीविना राहिल्या तर रोग तिथे टिकून राहतो आणि नंतर उबवलेली, अजून लस न मिळालेली तुमची पिल्लं त्यालाच बळी पडतात.

मर लागली की उरलेल्या कोंबड्या घाईने आठवडी बाजारात विकल्या जातात. रोग गावोगाव पसरतो तो असाच. मरायला टेकलेली कोंबडी कापून खाणंही थांबवा, कारण पिसं, आतडी आणि रक्त अंगणभर सांडतं. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका; हात-दोन हात खोल खड्डा, वर चुना, वर माती, कुत्री उकरणार नाहीत अशी. बाजारातून नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवा.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या, किंवा गावात कावळे-बगळे मरून पडले, तर हात लावू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आला होता, म्हणून अशी मर लपवण्यात शहाणपण नाही. नुकतीच मेलेली कोंबडी दवाखान्यातून तपासणीला गेली तरच कारण कळतं.

खाद्याकडेही बघा. भिजलेला मका, बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड वाळवून घातली तरी तिच्यातलं विष जात नाही, यकृत बिघडतं. ती सरळ फेकून द्या, गुरांनाही घालू नका.

शेवटी एक गैरसमज. पाऊस ओसरता ओसरता जुन्या कोंबड्या पिसं टाकतात, अंगावर उघडे चट्टे दिसतात आणि अंडी बंद होतात. खातेय, चरतेय, तुरा फिकट असला तरी डोळे टवटवीत आहेत, तर ती आजारी नाही. तिला पडेल भावात विकू नका. महिना-दोन महिने थोडी पेंड आणि वाळवी-गांडुळं जास्त मिळू द्या. नवी पिसं आली की ती परत अंड्यावर येईल.