दुबईच्या नोकरीला निघताना या चुका टाळा

"आधी व्हिजिटवर चला, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देऊ." कोकणात गावोगाव ऐकू येणारं हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. व्हिसा तिथे बदलता येतो हे खरं, पण वर्क परमिट येईपर्यंत एक दिवसही काम करणं बेकायदा आहे. मालकाने पगार थकवला तर दाखवायला करार नसतो, आणि मुदत उलटली की रोज 50 दिरहम दंड चढत जातो.

दुसरी चूक ऑफर लेटरची. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला कागद म्हणजे ऑफर नव्हे. खरं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात असतं, अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं. सही करण्याआधी 'बेसिक' किती ते बघा. समजा पगार 2000 दिरहम, पण बेसिक 800 आणि बाकी भत्ते. पहिली पाच वर्षं ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी रक्कम, दर वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवर मिळते. म्हणजे वर्षाचे 560 दिरहम. सगळे 2000 बेसिक असते तर 1400. ओव्हरटाइमचा हिशोबही बेसिकवरच होतो.

पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी, असं छापलंय का? दहावी पास असूनही अर्ज करताना सर्टिफिकेट न जोडल्यामुळे अनेकांच्या पासपोर्टवर तो शिक्का राहतो. सर्टिफिकेट लावून पासपोर्ट नव्याने काढून घ्या. दहावी झालेलीच नसेल तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून ही मंजुरी (क्लिअरन्स) घ्यावीच लागते, नाहीतर नोकरीच्या व्हिसावर निघालेल्या माणसाला विमानतळावरून परत पाठवतात. त्यासोबत प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, अधिक लागू असेल तो कर, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास 10 लाखांचं संरक्षण. एवढ्या कमी पैशांत घरच्यांना मोठा आधार मिळतो, म्हणून तो कागद घरी ठेवून जा.

एजंटचं नाव त्याच पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात. पावती मागा. 'व्हिसाचे वेगळे' कुणी मागितले तर देऊ नका. दुबई ज्या देशात येते त्या संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे तो खर्च मालकाचा.

डिग्री लागणारी नोकरी असेल तर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून घेतात तो शिक्का) करून बसू नका, अमिरातीसाठी ते चालत नाही. डिग्रीवर शिक्के घेण्याचा क्रम असा: राज्य शासन, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय. डिग्रीवर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करा, नंतर फाइल मध्येच अडकते.

'पार्टनर व्हिसा' घ्या आणि कुठेही काम करा, असं सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. तो व्हिसा त्या कंपनीतल्या भागीदारीवर मिळतो. तेवढ्यावर दुसरीकडे नोकरी करता येत नाही, आणि कंपनीच्या देण्यांच्या कागदांवर मात्र तुमचं नाव चढतं.