वस्तऱ्याने दाढी शिकायची तर आधी डावा हात शिकवा

अमळनेरच्या माझ्या दुकानात हल्ली पंचवीस-तिशीची पोरं खुर्चीत बसली की आरशातून माझ्या हाताकडे बघत राहतात आणि थोड्या वेळाने विचारतातच, "नाना, हा वस्तरा आपल्याला घरी जमेल का?" जमेल. हात चांगला असलेला कुणीही माणूस शिकू शकतो. पण बहुतेकजण वस्तरा धरायचा कसा एवढंच विचारतात. दुसऱ्या हाताने काय करायचं हे कुणी विचारत नाही, आणि कापून घेतात ते तिथेच.

आधी हत्यार कोणतं घ्यायचं ते सांगतो. वस्तरे दोन प्रकारचे. एक पक्का, म्हणजे ज्याचं पोलादी पातं कायमचं असतं आणि ज्याला आपणच धार राखावी लागते. दुसरा ब्लेडचा, जो आज प्रत्येक सलूनमध्ये दिसतो. माझे वडील धोकटी घेऊन खेड्यावर जायचे तेव्हा पक्काच वस्तरा होता आणि वर्षाचं बलुतं ज्वारीत मिळायचं. मी दोन्ही वापरले आहेत. नवशिक्याने ब्लेडचा घ्यावा असं माझं मत आहे. पक्का वस्तरा वजनदार असतो, तो अंगावर संथ चालतो, हे खरं. ब्लेडचा हलका असतो आणि चुकीला माफी देत नाही. तरीही पक्क्याला धार राखायला चामड्याचा पट्टा लागतो, दगड लागतो, आणि धार कशी असते हे ज्याला कळत नाही त्याला ती राखता येत नाही. बोथट वस्तऱ्याने शिकण्यापेक्षा धारदार ब्लेडने हळू शिकलेलं बरं.

वस्तरा स्टीलचा घ्या, प्लॅस्टिकचा नको, आणि ब्लेडची टोकं थोडी झाकणारा, गोलसर कडांचा घ्या. नव्या माणसाला पात्याच्या मधल्या धारेपेक्षा कोपराच जास्त वेळा लागतो. ब्लेड साधं दुधारी. १९०४ साली अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना ज्या दुधारी पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याच जातीचं पातं आपण मधून मोडून वापरतो. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक, जे मिळेल ते चालेल. मात्र शिकताना एकच धरा, रोज बदलू नका, नाहीतर फरक ब्लेडचा की हाताचा ते कळणार नाही. ब्लेड कागदातून काढायचं नाही. कागदासकट लांबीत दुमडायचं, कट् आवाज येतो, दोन अर्धुकं होतात. एक वस्तऱ्यात बसवा, दुसरं कागदातच ठेवा. बसवल्यावर उजेडात धरून बघा: धार या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी बाहेर आली पाहिजे. एक टोक जरा जास्त बाहेर दिसलं तर काढून परत बसवा. ते ०.१ मिलिमीटर जाडीचं पातं आहे, तिरकं बसलेलं चालत नाही.

पण पहिले काही दिवस ब्लेड लावूच नका. मोकळा वस्तरा घ्या, तोंडाला फेस लावा आणि नुसता फेस काढा. माझ्या मुलाला मी असंच शिकवलं, आणि नंतर ब्लेड लावून फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि तो न फुटता साफ करायचा. कारागिरांची पोरं पूर्वीपासून अशी शिकत आली आहेत. हात कुठे दाबतो ते फुगा लगेच सांगतो. वडील अहिराणीत म्हणायचे, "वस्तरा दाबाना नही ऱ्हास, फिरावाना ऱ्हास." दाबायचा नसतो, फिरवायचा असतो.

याच दिवसांत आणखी एक काम करून घ्या. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि केस कोणत्या अंगाने उगवतात ते बोटांनी तपासा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जातं ती सुलटी, जिथे खरखरतं ती उलटी. कापसाचा पुंजका फिरवलात तर अजून नीट कळेल, उलट्या अंगाला कापूस केसांत अडकतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. गालावर बहुतेकांचे केस खाली उतरतात. गळ्यावर मात्र कुणाचे आडवे, कुणाचे खालून वर, आणि जबड्याखाली अनेकांना भोवरा असतो. गळ्याची आग होते म्हणून साबण बदलत बसलेली माणसं मी पाहतो. त्यांच्या गळ्यावर केस वर उगवत असतात आणि ते वस्तरा वरून खाली ओढत असतात, म्हणजे पहिल्या हातालाच उलटी. स्वतःच्या तोंडाचा हा नकाशा पाठ झाल्याशिवाय ब्लेड लावू नका.

आता पाणी आणि फेस. आपल्याकडे बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड. अशा पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, चोथा होतो. दाढीपुरतं तांब्याभर पाणी उकळून, निवळू देऊन वरचं घ्या, जडपणा बराच कमी होतो. फिल्टरचं असेल तर तेच वापरा. जड पाण्यात गोल साबणापेक्षा क्रीम बरं चालतं. दाढी अंघोळीनंतर करा, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा. कोरडा केस कडक असतो, पाणी प्यायला की फुगतो आणि मऊ पडतो. ब्रश आधी गोल फिरवून केस उभे करा, मग वर-खाली. फेस ताकाहून घट्ट आणि दह्याहून सैल हवा, त्याला चकाकी हवी. हवेने फुगलेला पांढराशुभ्र डोंगर दिसायला छान, पण त्यावर वस्तरा घसरत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं, कारण बाहेरची माणसं हे लिहीत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, अमळनेरही काही मागे नसतं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात गर्दी लोटते, दुकानात बसायला जागा नसते, आणि फेस लावून साबण खाली ठेवेपर्यंत गालावर वाळलेला असतो. वाळलेल्या फेसावर वस्तरा ओढला की कातडी सोलली जाते. म्हणून उन्हाळ्यात पंखा बंद करा, एका वेळी एकाच गालाला फेस लावा, तो गाल संपला की दुसरा. वाटीत पाणी जवळ ठेवा आणि फेस बसत चालला की ओला ब्रश पुन्हा फिरवा. पहाटे केलेली सर्वांत उत्तम. घामेजलेल्या तोंडावर कातडी हातात राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. वस्तरा उजव्या हातात असतो खरा, पण दाढी डावा हात करतो. कातडी सैल असेल तर पात्यापुढे तिची घडी उभी राहते आणि पातं त्या घडीत शिरतं. ताणलेली असेल तर केस उभा राहतो, कातडी सपाट होते आणि वस्तरा आपोआप वरून निघून जातो. माझा उजवा हात एका जागी फार तर बोट-दोन बोटं चालतो. डावा मात्र प्रत्येक वेळी नवी जागा पकडतो, ताणतो, सोडतो, परत पकडतो. बोटं निसटत असतील तर ओल्या तुरटीवर घासा आणि कोरडी होऊ द्या, पकड येते.

उजव्या गालासाठी डावा हात डोक्यावरून न्या आणि कल्ल्याजवळची कातडी वर खेचा. जबड्याच्या हाडावर थेट वस्तरा चालवू नका. गाल वर ओढून जबड्याखालची कातडी सपाट भागावर आणा आणि तिथे काढा. गळ्यासाठी मान मागे टाका आणि हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या हाडाच्या बाजूला कातडी खाली ओढा. कंठमण्यावरून वस्तरा कधीच नेऊ नका. तिथली कातडी चिमटीने बाजूला सारून, उंचवट्यावरून उतरवून मग काढा. मिशीच्या जागेसाठी वरचा ओठ दातांवर खाली ताणा, नाक जरा वर करा. हनुवटी सर्वांत अवघड, कारण तिथे केस राठ, हाड गोल आणि खळगाही असतो. खालचा ओठ दातांवर आत घ्या आणि अगदी छोटे हात मारा.

वस्तरा धरताना त्याची मूठ, म्हणजे पातं ज्यात मिटतं तो भाग, पात्याच्या सरळ रेषेत ठेवू नका. ती आणखी मागे उघडा, म्हणजे चेहऱ्यापासून लांब उभी राहील. पातं आणि मूठ यांच्या मधल्या दांड्याच्या आतल्या बाजूला अंगठा, तीन बोटं त्याच्या पाठीवर, करंगळी मागे निघालेल्या शेपटीवर. हाताने आवळून धरू नका. आधी पातं गालावर पूर्ण आडवं टेकवा, मग पात्याची पाठ, म्हणजे धारेविरुद्धची बाजू, अंदाजे ३० अंश उचला. फार आडवं राहिलं तर केस ओढतो, फार उभं झालं तर कातडी खरवडते. ब्लेडच्या वस्तऱ्याला मी ३० पेक्षा थोडं कमीच ठेवतो. कान द्या: बरोबर कोनात खर्-खर् असा एकसारखा बारीक आवाज येतो. आवाज बंद पडला की थांबा, कोन बघा. आणि एक नियम कधीही मोडायचा नाही. वस्तरा नेहमी धारेला काटकोनात पुढे जातो. धारेच्या लांबीने, सुरीने भाजी चिरतो तसा, तो बाजूला सरकता कामा नये. केसाला धार पुढून लागली तर दाढी होते, कातडीला धार बाजूने लागली तर जखम होते. फोन वाजला, दारावर कुणी आलं, तर आधी वस्तरा तोंडापासून दूर न्या, मग वळा.

ब्लेड लावल्यावर सुरुवातीला फक्त कल्ला आणि गाल. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने पुरी करा, त्यात कमीपणा नाही. गालावर आठ-दहा वेळा आग न होता, रक्त न येता दाढी झाली की गळ्यावर या. मग मिशी, आणि सगळ्यात शेवटी हनुवटी. डाव्या गालाला हात बदलावा का, असं विचारतात. आम्ही गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभे राहतो, तुम्हाला स्वतःच्या तोंडाभोवती फिरता येत नाही. डाव्या हाताला सवय लावता आली तर उत्तमच. माझं ऐकाल तर मोकळ्या वस्तऱ्यावर ती सवय सुरुवातीलाच लावा, कारण उजवा हात आडवा नेला की आरशातलं अर्धं तोंड झाकलं जातं.

उलटी मारायची घाई नको. लग्नाच्या दिवशी नवरदेव हमखास म्हणतो, "नाना, उलटी मारा, गुळगुळीत झाली पाहिजे." कुरळ्या, राठ दाढीला ती मारली की दोन-तीन दिवसांत केस कातडीखाली वळतो आणि केसतोड येतो. पहिला हात सुलटा, परत फेस लावून दुसरा आडवा, एवढ्यावर थांबा. ज्यांच्या तोंडावर पुरळ आहे, जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात किंवा ज्यांच्या जखमा मधुमेहामुळे लवकर भरत नाहीत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे शिकू नये.

बारीक कापलं तर गार पाणी मारा, ओली तुरटी त्या जागी धरून ठेवा. तुरटीने बारीक शिरा आकसतात आणि रक्त थांबतं. खोल कापलं, विशेषतः गळ्याला, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सरळ दवाखाना गाठा. दाढी झाल्यावर तुरटी सगळ्या तोंडावर फिरवून मिनिटभराने धुऊन टाका. उन्हाळ्यात ती तशीच ठेवली तर तोंड कोरडं पडतं. थेंबभर खोबरेल पुरे.

एका अर्धुकाने दोन, फार तर तीन दाढ्या. ओढायला लागलं की टाका. एकाचं ब्लेड दुसऱ्याने वापरायचं नाही, बाप-लेकानेही नाही, भावा-भावानेही नाही. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि त्याला डोळ्यांना दिसेल एवढंही रक्त लागत नाही. दुकानात गेलात तरी नवं ब्लेड तुमच्यासमोर मोडून घ्या. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. वापरलेली ब्लेडं रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात टाका. डबा भरला की चिकटपट्टी लावून, वर लिहून, वेगळा द्या. घंटागाडीवरचा माणूस हाताने कचरा वेगळा करतो, आणि उकिरड्यावर गाय तोंड घालते.

वर्षभर हे जमलं आणि मन झालं, तर पक्का वस्तरा घ्या. जर्मनीचं झोलिंगेन आणि इंग्लंडचं शेफील्ड ही त्याची जुनी गावं. तिथली जुनी पाती अजून नीट धार घेतात. प्रत्येक दाढीआधी चामड्याचा पट्टा ताणून धरा आणि वस्तरा पाठ पुढे, धार मागे असा न्या. टोकाला पोचलात की पाठीवर पलटा, धारेवर कधीच नाही. धारेवर पलटलात तर पट्टाही कापेल आणि धारही जाईल. अशा चाळीस-पन्नास फेऱ्या, वजन न टाकता. पट्ट्याने भागेना झालं की दगड. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवून, या वेळी धार पुढे. रोजच्या धारेला ८००० नंबरच्या आसपासचा बारीक दगड आणि पाणी. खरबरीत दगड खांडा पडला तरच. पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून लावून घ्या, म्हणजे खरी धार तोंडावर कशी चालते ते कळेल. हे पोलाद गंजतं. मृग लागला की वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. पुसून, कोरडा करून, पात्याला तेलाचा हात फिरवा आणि सुती फडक्यात गुंडाळून कपाटात, लहान मुलांच्या हाताला येणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.