लिव्हर सिरॉसिस? रात्री झोपण्यापूर्वी खाऊन घ्या

सिरॉसिस (यकृत निबर होत जाण्याचा आजार) झालेल्या माणसाला घरचे हमखास सांगतात, 'रात्री हलकं खा, लवकर जेव.' इथेच गडबड होते. निरोगी यकृत रात्रभर पुरेल इतकी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. सिरॉसिसमध्ये हा साठा तुटपुंजा असतो. मग पहाटेपर्यंत शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा काढायला लागतं. दंड-मांड्या बारीक होतात, पोटात पाणी असेल तर वजनकाट्यावर ते कळतही नाही.

म्हणून साडेसात-आठला जेवण झालं तरी झोपताना साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. दोन मध्यम पोळ्या कपभर दुधात कुस्करून खाल्ल्या की काम झालं. दूध नको असेल तर दोन वाट्या मऊ मुगाची खिचडी. सकाळीही चहावर दहा वाजवू नका. उठल्यावर लगेच काहीतरी खा. निर्जळी उपास तर नकोच.

डाळ, दही, पनीर बंद करण्याचा सल्ला जुना झाला. आता वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. हात आखडायचा तो मिठावर, विशेषतः पायांना सूज किंवा पोटात पाणी असेल तर: पापड, लोणचं, फरसाण, खारी. 'लो सोडियम' मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि पाणी उतरवण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. मधुमेह असेल तर रात्रीच्या खाण्याचा हिशोब औषधांशी जुळवून घ्या.