पायलटचे वटारलेले डोळे कसे घालवले (माझा अनुभव)

१/३२ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्श्याएवढा, मॉडेलमधला पायलट रंगवत होतो, भारतीय हवाई दलाचे निर्मलजितसिंग सेखों म्हणून. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सहा पाकिस्तानी सेबर जेट विमानांचा हल्ला चालू असताना नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडालेला माणूस, त्याचा चेहरा बाहुल्यासारखा दिसणं मला सहनच होत नव्हतं. तीनदा खरवडला.

चूक डोळ्यांत होती. ह्या स्केलला आख्खं डोकं सात मिलिमीटरच्या आसपास, त्यात पांढराशुभ्र ठिपका टाकला की माणूस दचकल्यासारखा दिसणारच. मग पांढरा बंदच केला. खोबणीत आधी गडद तपकिरी, त्यावर मळकट करड्याची बारीक रेघ, मग बुबुळ, आणि ते वरच्या पापणीला चिकटवून, पूर्ण गोल दिसलं की संपलं.

त्वचेला बाटलीतला तयार फ्लेश (कातडीचा रंग) गोऱ्या साहेबांचा वाटतो म्हणून त्यात रॉ सिएना (पिवळसर तपकिरी) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळला. आमच्या सांगलीत एप्रिलात अॅक्रिलिक पॅलेटवरच सुकतं, त्यामुळं डब्यात ओला टिश्यू, वर बटर पेपर, रंग त्याच्यावर, दुपारभर टिकतो. पातळ पाच-सहा हात दिले, प्रत्येक सुकू देऊन. नाकाच्या बाजूला, ओठाखाली तैलरंगातला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अगदी टाचणीच्या टोकाएवढा लावून कोरड्या ब्रशने पसरवला. दाढीला निव्वळ काळा नको, अंबर मिसळा आणि गालाकडची कड विरळ ठेवा. तैलरंग सुकायला चार दिवस लागले, मग मॅट वार्निश.

आता तो समोर बघतोय, वटारत नाही.