कोरलवर शेवाळ आलं? या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या जिवंत, निरोगी कोरलच्या (प्रवाळाच्या) त्वचेवर हेअर अल्गी, म्हणजे केसांसारखं हिरवं शेवाळ, सहसा रुजत नाही. कोरल अंगावर चिकट स्राव सोडतं आणि बसलेलं काहीही त्याबरोबर झटकून टाकतं. म्हणून फांदीवर हिरवे केस दिसले, की तिथली त्वचा आधीच मेली आणि उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढलं, असं धरून चला. त्वचा का गेली हे न शोधता नुसतं खरवडत बसणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) एका दिवसात २ डीकेएच सरकली का, शेजारच्या कोरलचा डंख लागतोय का, बुडाशी गाळ साचतोय का, हे आधी पाहा. कारण तसंच राहिलं तर खरवडलेल्या जागी शेवाळ परत येणारच.

दुसरी चूक त्याहून महाग पडते: शेवाळाचं खाद्य म्हणून फॉस्फेट शून्यावर आणण्याची घाई. हा प्रकार ठरलेल्या क्रमाने घडतो. तपासणीत फॉस्फेट ०.२५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) निघतं. मालक घाबरून जीएफओची (फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे) पूर्ण मात्रा रिअॅक्टरमध्ये (त्या दाण्यांतून पाणी फिरवणारं भांडं) भरतो, माशांचं खाणं अर्ध्यावर आणतो आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदलतो. काही दिवसांत आकडा शून्य होतो, हेअर अल्गी पिवळी पडते, सगळे खूश. पुढे अॅक्रोपोराची (फांद्यांचं नाजूक कोरल) त्वचा बुडापासून सुटू लागते आणि त्या पांढऱ्या सांगाड्यावर तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे अडकलेले धागे लोंबू लागतात. हे डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे एकपेशीय जीव, थोडक्यात डायनो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकले, की बाकीचे स्पर्धक उपाशी राहतात आणि मैदान डायनोंना मोकळं मिळतं. मालक पुन्हा पाणी बदलतो आणि प्रकरण आणखी चिघळतं.

इथून परतायचं तर जीएफओ काढा, पाणी बदलणं काही आठवडे थांबवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणून तिथेच ठेवा. यूव्ही (पाण्यातून वाहत येणारे जीव मारणारा दिवा) घेण्याआधी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ऑस्ट्रिऑप्सिस हा डायनो रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे यूव्हीत सापडतो. अॅम्फिडिनियम हा दुसरा डायनो वाळूतच राहतो, त्याला यूव्हीने फरक पडत नाही. मुळात जीएफओ वापरायचंच असेल तर पाव मात्रेने सुरुवात करा, दर दोन दिवसांनी मोजा आणि खाली यायला काही आठवडे लागू द्या. आठवड्यात टँक चकाचक करायची हौस असेल त्याने अॅक्रोपोरा ठेवू नये.

उलटही लक्षात असू द्या: शेवाळ दाट आहे आणि टेस्ट किट शून्य दाखवतं, याचा अर्थ फॉस्फेट येतच नाही असा नाही. शेवाळ ते आल्या आल्या खातंय.

हायड्रोजन पेरॉक्साइड थेट टँकमध्ये ओतू नका. क्लीनर आणि पेपरमिंट कोळंब्यांना ते सोसत नाही. फ्रॅग (प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवलेला कोरलचा तुकडा) बाहेर काढा, जुन्या टूथब्रशने बुडाचं शेवाळ टँकच्याच पाण्याच्या बादलीत घासा, मग ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड मऊ कुंचल्याने फक्त शेवाळावर लावा. त्वचेला स्पर्श नको. फेस येईल. मिनिटभराने वेगळ्या भांड्यातल्या टँकच्या पाण्यात खळखळून धुवा आणि परत ठेवा. दोन-तीन दिवसांत शेवाळ पांढरं पडतं. झोअँथिड्स प्रकारचे कोरल यापेक्षा जास्त सोसतात. झेनिया या कोरलवर हा प्रयोग नको. प्लग पूर्ण माखला असेल तर घासत बसण्यापेक्षा फ्रॅग कापून नव्या प्लगवर चिकटवणं सरळ.

पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ते हेअर अल्गी नाही, ब्रायॉप्सिस आहे. नुसतं फॉस्फेट उतरवून ते जात नाही. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध टँकच्या पाण्यात लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम द्या, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, दोन-तीन आठवडे थांबा.

बबल अल्गी, म्हणजे हिरव्या बुडबुड्यांसारखं शेवाळ, टँकमध्ये फोडू नका. मुळापासून अख्खी उचला.

टँकमध्ये घालायच्या आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ० हवा. १ दिसला की क्षार शोषणारं रेझिन बदला, ‘अजून चालेल’ म्हणू नका.

टर्बो गोगलगाई लांब वाढलेलं शेवाळ सहसा सोडून देतात. आधी हाताने उपटा, मग त्या सोडा, आणि फ्रॅग चिकटवलेले नसतील तर त्या ते पाडणारच.