मॉडेल विमानाचा डोप निवडताना या चुका टाळा

डोप म्हणजे मॉडेलच्या सांगाड्यावर चढवलेला कागद किंवा कापड आवळून ताणणारं वार्निश. दर मोसमात एखादा नवखा वाकडा पंख घेऊन येतो. "काका, असं कसं झालं?" डोप कुठला मारलास विचारलं की उत्तर ठरलेलं: "दुकानात होता तो." अरे बाबा, डबा उघडण्याआधी सांगाडा किती नाजूक आहे, वर टिश्यू (पातळ कागद) आहे की रेशीम आणि इंजिन काय पितं, एवढं तरी बघ! चकाकीचा विचार सगळ्यात शेवटी.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते 'जितका ताण जास्त तितका डोप भारी' या समजुतीनं. डोपचे नेहमीचे प्रकार दोन, नायट्रेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट डोप वाळल्यावरही बरेच दिवस आवळत राहतो. रेशीम चढवलेल्या दणकट कंट्रोल लाइन (तारांना धरून गोल उडवायच्या) मॉडेलला ते सोसतं, टिश्यूच्या हलक्या ग्लायडरला नाही. आमच्या मैदानावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच ग्लायडर घेऊन आला. घट्ट ब्युटिरेटचे हातावर हात मारलेले. पंखावर टिचकी मारून सगळ्यांना आवाज ऐकवत होता. काही आठवड्यांनी तोच पंख पापडासारखा वळला: उजव्या टोकाला मागची कड वर, डाव्या टोकाला खाली. हातातून सोडला की ग्लायडर उजवीकडे गिरकी घेऊन थेट मातीत. किटलीच्या वाफेवर धरून उलटा पीळ दिला, गार होईपर्यंत धरून ठेवला. सरळ झाला, पण डोपचं आवळणं कुठे थांबलं होतं? पीळ परत आला. शेवटी टिश्यू सोलून पंख नव्यानं मढवावा लागला.

हलक्या सांगाड्याला मी नायट्रेटच लावतो, निम्मा थिनर घालून. 30 मिली मिश्रणात एरंडेलाचे चार-पाच थेंब टाकले की ताण मवाळ होतो. जास्त टाकू नका, तेल वर येतं आणि रंग धरत नाही. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला एकाच बैठकीत हात मारायचा, हाताला कोरडा लागला की सपाट पाटावर टाचून ठेवायचा. किती दिवस? तुम्हाला कंटाळा येईल त्याहून जास्त. पहिल्या हाताला ब्रश ओथंबलेला नको. डोप टिश्यूतून आत उतरतो, रिबपाशी, म्हणजे पंखाच्या फासळीपाशी, थारोळं साचतं आणि नेमकी तीच जागा ओढली जाते.

दुसरी आवडती चूक म्हणजे ग्लो इंजिनाच्या (मॉडेलच्या छोट्या इंधनी इंजिनाच्या) विमानावर नुसता नायट्रेट. ग्लोच्या इंधनात मिथेनॉल आणि तेल असतं, बऱ्याचदा नायट्रोमिथेनही. नायट्रेट त्यापुढे मऊ पडतो. दोन-चार उड्डाणांत एक्झॉस्टकडची बाजू चिकट होते, पुसायला जावं तर रंग फडक्यावर येतो. लाकूड आणि टिश्यू धरून ठेवायला नायट्रेट उत्तम, म्हणून तो खाली आणि वरचे हात ब्युटिरेटचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे ब्युटिरेटवर नायट्रेट मारला, तर तो धड धरत नाही, पुढेमागे सुटतोच. ब्युटिरेटलाही मर्यादा आहे. इंधनात नायट्रोमिथेन जास्त असेल तर डोप मारलेल्या तुकड्यावर इंधनाचा थेंब टाकून बघा. तेवढा धीर नसेल तर पतंग उडवा. इलेक्ट्रिक मोटर असेल तर हा प्रश्नच नाही, नायट्रेट पुरतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात डोपवर पांढुरकी झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोरड्या दिवशी थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) घालून हलका हात फिरवा, बहुतेक वेळा झाक जाते. वाळवायला हीटर लावणाऱ्यांना मी खोलीबाहेर काढतो. नायट्रेट भडकतो, आणि उदबत्तीसुद्धा त्याला पुरते. खिडकी उघडी ठेवा.

फर्निचरचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर स्वस्त पडतं म्हणून कापडावर मारू नका. ते कडक लाकडासाठी बनवलेलं, ताणलेल्या कापडावर तडकतं.

पॉलिएस्टर कापड डोपनं आवळत नाही, आधी इस्त्रीनं ताणा.

इनॅमलवर डोप कधीच नाही, खालचा रंग सुरकुततो. डोपवर इनॅमल चालतो.

आणि थिनर डोपच्याच कंपनीचा घ्या. हार्डवेअरवाल्याकडचा सुटा थिनर मीही आणतो, पण ब्रश धुवायला.